निरीक्षणाची बोअर

जमिनीच्या पोटात काय चालले आहे हे माणसाला दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याचे नियंत्रण करणे सर्वात सोपे असते. या तत्त्वावर आपली कित्येक कार्यालये उभी आहेत. त्यांतल्या एकाने आमच्या गावचे भूजल कसे शुद्ध केले, ते सांगितलेच पाहिजे. (कार्यालयाचे नाव सांगत नाही. त्यांना प्रसिद्धीचा तिटकारा आहे.)

आमचे गाव आटपाडी तालुक्यात. इथे बोअर आठशे फूट मारली तरी वर फुफाटाच येतो. रस्त्याकडेला आप्पासोंचा पेट्रोल पंप आहे आणि पंपाच्या खालच्या अंगाला रंगुबाईचे रान. रानात तिची विहीर. घरात ती एकटी आणि दावणीला एक म्हैस. दोघी त्याच विहिरीवर. एके दिवशी म्हशीने बादलीत तोंड घातले, फुरफुरली आणि मागे सरली. रंगुबाईने ओंजळ नाकाशी नेली आणि तडक पंपावर गेली.

"आप्पासो, माझ्या हिरीत तुमचं डिझेल आलंय. मी पिऊ काय आता?"

"आवं मावशी, एवढं म्हागाचं डिझेल तुमाला फुकट कोण दील?"

पण पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती, हे खरे निघाले. आप्पासोंनी टाकी बदलली आणि भिजलेली माती उकरून ट्रॅक्टरने गायरानात पसरली. (तिथे ती प्रदूषित राहिली नाही, कारण गायरान तपासणीच्या हद्दीत येत नव्हते.) राहता राहिले पाणी. त्यासाठी जिल्ह्याच्या गावाहून त्या कार्यालयाच्या संयोगिता मॅडम आल्या. मोठ्या कामसू बाई, खोटे कशाला बोला? डिझेल कुठवर झिरपले हे पाहायला पंपाभोवती निरीक्षणाच्या बोअरी मारायच्या, असे त्यांनी ग्रामसभेत समजावून सांगितले. सरपंच लालासाहेबांनी एकच शंका काढली.

"मॅडम, तपासणी झाल्यावर त्या बोअरीचं काय?"

"ज्याची जमीन, त्याची बोअर."

दुसऱ्या दिवसापासून गावभर डिझेलचा वास सुटला. आधी तो पंपाशेजारच्या रानात आला, मग ओढा ओलांडून पलीकडे गेला, मग टेकडी चढून लालासाहेबांच्या डाळिंबात शिरला. (डिझेल उताराला जाते, हा समज आमच्याकडे आता कुणी बाळगत नाही.) पुरावा म्हणून लोक आपापल्या बांधावरची माती मॅडमच्या नाकाखाली धरू लागले. "लय वास हाय, जरा नीट हुंगा की!" त्या आठवड्यात आप्पासोंच्या पंपावर बाटलीतून डिझेल नेणाऱ्यांची रीघ लागली होती. धंदा बसला म्हणून डोक्याला हात लावून बसलेला माणूस पुन्हा हसूनखेळून बोलू लागला.

आता शास्त्र असे, की डिझेल पाण्यावर तरंगते. पाणीच लागले नाही तर ते तरंगणार कशावर? सबब, जिथे हमखास पाणी लागेल तिथेच निरीक्षण करणे शास्त्रशुद्ध ठरले. त्यासाठी पाणाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानोरान फिरला. नारळ उभा राहील तिथे चुन्याची फुली मारली. त्या सगळ्या फुल्या मॅडमनी नकाशावर उतरवून घेतल्या. रंगुबाईच्या रानाकडे मात्र कुणी वळले नाही. तिच्याकडे विहीर होती, आणि पाणी असलेल्या जमिनीत बोअर मंजूर होत नाही.

निष्कर्ष उत्साहवर्धक आले. अठरा बोअरी, अठरांचेही पाणी निर्मळ. एकोणिसावा नमुना रंगुबाईच्या विहिरीचा: मर्यादेच्या वीसपट डिझेल. सगळ्यांची सरासरी काढली तर ती मर्यादेच्या किंचित वर जात होती. उपाय करणे भाग होते, आणि मॅडमनी तो धडाडीने केला. त्यांनी आणखी पाच बोअरी मंजूर केल्या. त्यांचेही पाणी निर्मळ निघाले, सरासरी मर्यादेच्या आत आली आणि डिझेलचा एक थेंबही न उपसता अवघ्या परिसराचे भूजल शुद्ध झाले. असे काम दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात झाले असेल तर दाखवा!

समारंभाला मांडव घातला. लालासाहेबांना फेटा बांधला. मॅडमनी शुद्धतेचे प्रमाणपत्र वाचून दाखवले. तेवढ्यात रंगुबाई विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली.

"मॅडमबाई, शुद्ध झालं न्हवं? मग घ्या की एक घोट."

"आजी, सरासरी शुद्ध आहे."

"मी सरासरी पीत न्हाई वो. माझ्या हिरीचं पाणी पिते."

मांडवात हशा पिकला. मॅडमही हसल्या, पण तांब्याला त्यांनी हात लावला नाही.

मग रंगुबाई घागर घेऊन लालासाहेबांच्या बोअरवर गेली. लालासाहेब माणूस नियमाचा.

"मावशी, ही बोअर निरीक्षणाची हाय. हिचं पाणी प्यायला न्हाई."

मागे डाळिंबांना ठिबक चालू होते. (डाळिंबे पाणी पीत नाहीत, निरीक्षण करतात.) म्हातारी रिकामी घागर कमरेवर घेऊन माझ्या रानावरून माघारी गेली. मला फार वाईट वाटले. नंतरच्या त्या पाच बोअरींपैकी एक माझी आहे. पण करता काय, तीही निरीक्षणाचीच.

ही हकीकत मी ज्याला ज्याला सांगितली, त्याने शेवटी एकच विचारले: सगळ्यात जास्त पाणी कुणाच्या बोअरला लागले? तुमच्याही ओठांवर तेच असणार, म्हणून सांगून टाकतो. लालासाहेबांच्या. चार इंची. रंगुबाई आता काय पिते, हे मात्र अजून कुणीच विचारलेले नाही. मी इथे जरा थांबूनही पाहिले. तुम्हीही विचारले नाहीत.