डिझेल म्हणजे मिक्सर नव्हे

जावयाने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला आणि त्याच्या कंपनीचा नवा गेम सासऱ्यांना दाखवला. मालगाडी चालवायचा गेम. एक बटण दाबलं की डिझेल इंजिन सुरू, दुसरं दाबलं की गाडी चालू, आणि बाराव्या सेकंदाला काटा साठवर.

सासरे चौतीस वर्षं डिझेल इंजिनावर ड्रायव्हर होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं.

"हे इंजिन आहे की मिक्सर?"

"बाबा, लोकांना पटकन मजा हवी असते."

"मागे अठ्ठावन्न वाघिणी लावल्यात ना? त्यांच्या ब्रेकच्या नळीत हवा कोण भरणार? वीस-बावीस मिनिटं नुसती हवा भरायला लागतात, जावईबापू. आणि हँडल एक घर पुढे सरकवलं की डिझेल आधी विचार करतं, मग धूर सोडतं, मग ओढतं."

"तुमच्यासारखंच," त्यांची बायको ओट्यापाशी उभी राहून म्हणाली.

हे दुखणं जुनं होतं. मुलगी जन्मली त्या दिवशी बाळ दुपारी एकला झालं आणि ड्रायव्हरसाहेब दवाखान्यात उगवले संध्याकाळी साडेसहाला. एकतीस वर्षं ते एकच कारण सांगत आले होते: गाडी घेऊन येत होतो, डिझेल आहे ते, हवा भरत नव्हती, सिग्नल मिळत नव्हता. बायको भांडत नसे. ती फक्त "हं" म्हणे. त्या 'हं'ने त्यांना जेवढं छळलं, तेवढं कुठल्याही साहेबाच्या मेमोने छळलं नव्हतं. आता पुरावा चालून घरात आला होता. गेम खराखुरा झाला, की तिचं तिलाच दिसणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्त्या सुरू झाल्या. रोज जेवताना ते मोठ्याने सांगत आणि जावई लिहून घेई. गार इंजिन सुरू करण्याआधी तेल फिरवावं लागतं. रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी फिरतात, मग वाळू सोडायची. मिनिटाभरात ड्रायव्हरने काहीच हालचाल केली नाही, तर बटण दाबून जागा असल्याचं कळवायचं. नाहीतर ब्रेक आपोआप लागतात.

चार महिन्यांत गेम इतका खरा झाला की कंपनीतली गेम तपासणारी मुलगी बाजूच्या रुळावर एक्स्प्रेस पुढे जायची वाट बघता बघता झोपी गेली. ब्रेक लागले. पुन्हा बावीस मिनिटं हवा. तिने राजीनामा लिहिला, तोही त्या बावीस मिनिटांत लिहून झाला.

"साहेब म्हणतात, हा गेम आहे की शिक्षा," जावई कसनुसा हसत म्हणाला. "माझी बढती अडकलीय, बाबा."

"अडकणारच. सिग्नल मिळत नाही कधी कधी."

शेवटी साहेबांनी तडजोड काढली: हे सगळं 'अतिकठीण' नावाच्या पातळीत टाकायचं आणि ते प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळतं, असं ड्रायव्हरसाहेबांनी सहीनिशी लिहून द्यायचं. त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

"मग मुलगी झाली त्या दिवशीचीच गाडी घाला की," बायको म्हणाली. "मी चालवून बघते."

"तू? पहिल्या चढावर बसशील."

"बसेन. तुमची ड्युटीची जुनी डायरी द्या जावईबापूंना."

डायरीतून वेळा उतरवताना शेवटच्या ओळीवर त्यांची नजर अडखळली. यार्डात आगमन, दोन वाजून दहा मिनिटं. सांगून सांगून त्यांचाच त्या कारणावर इतका विश्वास बसला होता, की हा आकडा ते साफ विसरले होते. बदलावासाही वाटला. पण रेल्वेच्या वेळेत खोटा आकडा लिहायला हात धजेना. आणि ती यार्डापर्यंत पोचतेय कशाला?

रविवारी सकाळी डायरीतल्याच वेळेला, नऊ चाळीसला, ती खुर्चीत बसली. तेल फिरवलं, हवा भरली, शांतपणे स्वेटर विणत बावीस मिनिटं काढली. ओल्या चढावर चाकं फिरली, तिने वाळू सोडली. चार महिने जेवताना तिने दुसरं ऐकलं तरी काय होतं? बाजूच्या रुळावर तीनदा उभी राहिली, दर मिनिटाला बटण दाबत राहिली. दोन वाजून सोळा मिनिटांनी गाडी यार्डात लागली.

"सहा मिनिटं उशीर," ती म्हणाली. "मी नवशिकी आहे. यार्डापासून दवाखाना किती लांब होता?"

"दहा मिनिटं."

"चालत?"

"चालत."

जावयाने लॅपटॉपच्या वायरकडे पाहायला सुरुवात केली.

"हा गेम चुकीचा आहे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "जावईबापू, मी लिहून देतो, यात बऱ्याच चुका आहेत."

"बाबा, तुमचं सहीचं पत्र सुरुवातीलाच दिसतं. फोटोसकट."

बायकोने सुया खाली ठेवल्या. "चार तास कुठे होतात?"

"इंजिनात."

"गाडी उभी असताना?"

"बदली ड्रायव्हरला म्हटलं, तू जा चहा पिऊन ये, मी बसतो. इंजिन संथ धडधडत होतं. तिथे कुणी काही विचारत नाही. तिकडे आलो असतो तर बाप झालो असतो."

तिने पडद्याकडे पाहिलं. मग जावयाकडे वळली. "हे नाही घातलंत यात. बाकी सगळं खरं घातलंत की."

पुढच्या आवृत्तीत जावयाने ते घातलं. गाडी पोचली की उतरायचं नाही; इंजिन धडधडत ठेवून हवं तेवढं नुसतं बसायचं. 'अतिकठीण' पातळीकडे कुणी फिरकत नव्हतं, पण हे बसणं लोकांनी डोक्यावर घेतलं. माणसं ऑफिसातून येऊन तास तास बसू लागली. जावयाला बढती मिळाली.

आता रोज दुपारी बायको लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. बाहेर डिझेलची संथ धडधड ऐकू येते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ड्रायव्हरसाहेब दारापाशी जाऊन उभे राहतात.

"अगं, चहाचं काय? गाडी पोचली नाही का अजून?"

"मघाशीच पोचली," ती आतून म्हणते. "बसलेय."