नानांची मोहरीची डबी

आमच्या फैजपूरला पंगतीत कोबीची भाजी वाढली, की लोक आधी ताटावर हात आडवा धरतात. भाजी नको म्हणून नव्हे हो. मागून नाना येतात म्हणून.

नाना म्हणजे आमचे शेजारी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. खिशात तपकिरीची जुनी डबी, तीत कच्ची मोहरी कुटून भरलेली. कोबी दिसली की टाक चिमूट!

"हात काढ बापा. कोबीत गंधकाचा माल कुलपात असतो. किल्ली म्हणजे तिचं एंझाइम, ते शिजवताना मेलं. तीच किल्ली मोहरीत आहे. कुलूप उघडलं की पेशी गंजत नाहीत."

"नाना, आम्ही काय लोखंडाचे?"

"लोखंडाचे असता तर रंग दिला असता!"

एकच ताट नाना सोडून जायचे. धाकट्या भावाचं, भास्करभाऊंचं. केळीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. आणि गंमत पाहा, अख्ख्या पंगतीत ताटावर हात न धरणारे तेवढे भास्करभाऊच. मी भाजी वाढायला पुढे असते, म्हणून मला दिसतं. तिथे आले की नानांची डबी बंद, चाल झपझप.

यंदा भास्करभाऊ आजारपणात पार वाळले. नानांनी मला ओट्यावर गाठलं.

"अक्का, त्याच्या भाजीत तू टाकशील का गं? माझं नाव नको सांगू."

"मी नाही टाकायची. डबी तुमची, भाऊ तुमचा."

नाना डबी खिशात टाकून उठून गेले.

परवा माझ्या नातीचा साखरपुडा झाला. मी भास्करभाऊंना कोबी वाढली. मागे डबी बंद झाल्याचा आवाज आला. नाना पुढे सरकणार, तोच भास्करभाऊ मान वर न करता म्हणाले, "नाना, मी गंजलो तं चालीन का तुले?"

नाना जागच्या जागी वळले, घाईत डबी उघडली आणि चिमटीऐवजी अर्धी डबीच ताटात सांडली. भास्करभाऊंनी सगळी कालवली आणि मोठा घास घेतला. झणका थेट डोक्यात! डोळ्यांतून धारा.

"मोहरी लागली," ते म्हणाले.

लागली असेल. नाना मात्र हातातलंच झाकण खाली वाकून शोधत होते. ते तर अजून जेवायलाही बसले नव्हते, तरी डोळे त्यांचेही वाहत होते.