बुजरा मासा आणि माझा मिक्सर

माझ्या घरात, माझ्या ओट्यावर, मी मिक्सर कधी लावायचा हे एका माशानं ठरवावं? पण जुन्नरला आमच्या शेजारी कोंडीबाअण्णा राहायला आले आणि तसंच झालं. मी दाण्याचा कूट करायला घेतला की अण्णा दारात हजर. "वैनी, बंद करा ती घरघर. आमचं मेंढरू बुजलंय!"

मेंढरू म्हणजे मासा. अण्णांचा जन्म मेंढरांमागं रानोमाळ गेलेला. गुडघे थकले तशी मुलानं मेंढरं विकली, त्यांना गावात आणलं आणि जीव रमावा म्हणून माशांची काचेची टाकी आणून दिली. ती ठेवली नेमकी माझ्या ओट्यामागच्या भिंतीला! तिच्यात एक तांबडा गोल्डफिश आणि एक काळा मासा. तांबडा कुणीही बोट दाखवलं की शेपूट हलवत काचेशी यायचा. अण्णांना तो मुळीच पसंत नव्हता. "ह्ये लांडग्याच्याबी मागं जाईल," म्हणायचे. सगळी माया काळ्यावर. तो दिवसभर माठाच्या खापरीखाली दडलेला. कुणी त्याला बघायला काचेवर टकटक केली की अण्णा खेकसायचे, "काच वाजवू नका! तुमच्या दारावर कुनी लाथा घातल्या तर तुमी याल का भाईर?"

गणपतीत स्पीकरवरून ते मंडळाच्या पोरांशी भांडले. माझ्या नणंदेला जोरात शिंक आली, तर तिलाही बोलले. माशाचा एवढा पुळका, आणि माणसांवर डाफरायचं? ही कुठली रीत?

आमच्या घरातलं एकच माणूस त्यांना चालायचं, माझी सुमन. पोरगी मुळातच अबोल, पाहुणे आले की आत पळणारी. ती त्या टाकीपुढं तासन्‌तास बसायची, अण्णाही बसायचे. बोलत कुणीच नसे. "काय मिळतं गं तुला तिथं?" विचारलं तर म्हणायची, "आई, माझ्यासमोर तो काळा बाहेर येतो."

सुमनचं लग्न ठरलं, दारात बँड ठरला आणि मी धरूनच चालले. हा माणूस बँडवाल्यांपुढं आडवा पडणार! पण लग्नाच्या दिवशी अण्णांच्या दाराला कुलूप. काळ्याला कळशीत घालून ते एस.टी.नं भावाकडे मढला निघून गेले होते. तांबडा घरीच, त्याला बँड चालतो म्हणे! मला असा संताप आला. सुमन एवढी त्यांच्याजवळ बसायची, आणि तिच्यावर अक्षता टाकायला हे नाहीत? मांडवात तिची नजर त्यांनाच शोधत होती.

चार दिवसांनी परत आले तसं मी त्यांना दारातच गाठलं. "अण्णा, एका माशासाठी लग्न चुकवलंत?"

"बँड वाजाय नको व्हय? पोरीचं लगीन हाय. आन् मलाबी गर्दी सोसत न्हाई, वैनी." कळशी खाली ठेवत त्यांनी विचारलं, "पोरगी कशी हाय तिकडं?"

"कशी असणार? फोनवर 'हो' आणि 'बरं', बास. सासू म्हणते, सून खोलीतनं बाहेरच येत नाही."

अण्णांनी वाकून कळशीत पाहिलं. मग म्हणाले, "नवं पानी हाय. सासूला सांगा, काच वाजवू नका म्हनावं. येती ती, आपली आपन."

पाठवणीला मी रडले नव्हते. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या तेव्हा मी आचाऱ्याशी भांडत होते. आणि ह्या माणसानं मला भर दुपारी, दारात, सगळ्या आळीदेखत रडवलं! वर कळशीवर पंजा ठेवून म्हणतो कसा, "हळू रडा, वैनी. बुजंल त्ये."