दुसऱ्या गिअरचा संशय

आमच्या गाडीच्या दुसऱ्या गिअरला दसऱ्यापासून आमचा संशय येतो. पहिला, तिसरा, चौथा आणि रिव्हर्स पूर्वीसारखेच पडतात. दुसरा मात्र हाताला अडतो, जोर केला की कर्र करतो आणि न्यूट्रलला परत येतो.

सुरुवातीला हा संशय आहे हे मला कळलं नव्हतं. गाडी जुनी आहे, थकली असेल असं वाटलं. पण दुसऱ्या गिअरशिवाय माझं भागत नाही. माझी आई आजऱ्याच्या पुढे डोंगरावर एकटी राहते आणि खाली यायला तयार नाही. दर गुरुवारी मी गडहिंग्लजहून गाडी काढते, तिला दळण आणि औषधं पोचवते, तिच्याबरोबर जेवते आणि परत येते. एसटी फाट्यापर्यंतच जाते. पुढचा चढ पहिल्या गिअरमध्ये चढवला तर गाडी तापते, तिसऱ्यात बंद पडते. तो चढ दुसऱ्याचाच आहे.

म्हणून मी आणि आमचे हे, दोघं गाडी घेऊन आप्पासो मेस्त्रींकडे गेलो.

आप्पासोंनी इंजिन बंद ठेवून गिअर टाकला. लोण्यात सुरी जावी तसा पडला. इंजिन चालू केलं, तर अडला.

"क्लच सुटत नसंल," असं म्हणून त्यांनी क्लचची केबल ओढून घेतली. गिअर अडलाच. गिअरबॉक्समधलं जुनं तेल काढून नवीन भरलं. अडलाच. मग ते गाडीखाली शिरले, गिअरच्या दांड्याचे जोड हलवून बघितले आणि हात पुसत बाहेर आले.

"वैनी, यंत्रात दोष न्हाई. गाडीला संशय हाय."

"कुणाचा?" मी विचारलं.

"घरातल्याच कुणाचा तरी. इंजिन बंद असताना तिला ऐकू येत न्हाई, तवा गिअर बिनतक्रार पडतो. चालू झालं की ती ऐकतीया. दसऱ्याला काय येगळं घडलं?"

डॉक्टर काल काय खाल्लं विचारतात, तसं त्यांनी विचारलं. मीही आठवून नीट सांगितलं. गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग ह्यांनी फोटो काढले.

"कुठनं कुठनं?"

"चारी बाजूंनी. मग टायरचे. मग मीटरचा."

आप्पासोंनी ह्यांच्याकडे बघितलं. हे पोस्टातून निवृत्त झालेले, कुणी असं बघितलं की लगेच चष्मा पुसायला घेतात.

"आठवण म्हणून काढले," हे म्हणाले.

"साहेब, मीटरची आठवण कोण काढतंय?"

आप्पासोंनी इंजिन पुन्हा चालू केलं आणि मला स्टिअरिंगवर बसवलं. "वैनी, मोठ्यानं सांगा. गाडी इकायचा इचार हाय का?"

"नाही बाई," मी म्हणाले. तो शब्द तोंडातून निघाला तसा दुसरा गिअर अलगद पडला. मला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं, की इतके दिवस तिनं माझ्यावरही संशय घेतला.

"आता साहेब."

"हा काय पोरखेळ आहे? कोण विकतंय गाडी?" हे बाहेर उभ्यानंच म्हणाले.

गिअर उडून न्यूट्रलला आला. कर्र असा आवाज शेजारच्या पंक्चरवाल्यानंही ऐकला. तो उठून बघायला आला.

"साहेबांनी पुन्हा एकदा उत्तर द्यावं," आप्पासो अदबीनं म्हणाले.

"मी काही कोर्टात उभा नाही. आणि दांडक्याच्या साक्षीवर नवऱ्याला पकडायची पद्धत कुठली?"

"पद्धत जुनीच हाय," पंक्चरवाला म्हणाला.

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. पण घरी आल्यावर भाजी चिरता चिरता विचारलं, "अहो, खरंच विकताय का?"

"अगं, तुझ्याच काळजीनं म्हणतो. त्या चढावर तू एकटी. आईला फोन करता येतो की."

"फोनवरून दळण जात नाही."

"बघू," हे म्हणाले. आमच्या घरी बघू म्हणजे बघून झालेलं असतं. त्यामुळे आता मलाही संशय आला.

एक गोष्ट सांगायची राहिली. गिअरबॉक्समधून काढलेलं जुनं तेल ह्यांनी बाटलीत भरून घरी आणलं होतं. ह्यांना काही फेकवत नाही. आप्पासोंनी तेव्हाच बजावलं होतं, "साहेब, ते घरात वापरू नका. त्या तेलानं सगळं ऐकलंय."

"तेल ते तेल," म्हणून ह्यांनी एका दुपारी कोंबडीचं पीस बुडवून पुढच्या दाराचं लॅच, मागच्या दाराचा बोल्ट, कपाटाचं हँडल आणि सगळ्या बिजागऱ्यांना ते लावलं. कुरकुर लगेच थांबली. हे दिवसभर खूश होते.

गुरुवारी सकाळी मी पुढचं दार ओढून गिरणीत गेले. दळण घेऊन परतले, तर फाटकाशी एक अनोळखी गृहस्थ उभे. आत खिडकीच्या गजांना धरून हे उभे.

"अगं, दार उघड. लॅच फिरत नाही."

"मागचं?"

"बोल्ट अडलाय. आणि गाडीची किल्ली कपाटात आहे, तेही उघडत नाही. मघापासून खटपट करतोय."

"हे कोण?" मी विचारलं.

ह्यांनी चष्मा पुसायला घेतला. ते गृहस्थच म्हणाले, "नमस्कार वहिनी. मी चौगुले, निपाणीचा. गाडी बघायला आलोय. फोटो पसंत पडले. साहेब म्हणाले, गुरुवारी लवकर या, घरात गडबड नसते."

मी पिशवी खाली ठेवली, किल्लीनं दार उघडलं. कपाटाच्या हँडलला नुसतं बोट लावलं, तर तेही उघडलं. गाडीची किल्ली घेऊन मी बाहेर आले. चौगुले उंबऱ्याबाहेरून हे सगळं लक्षपूर्वक बघत होते.

"साहेब, एक विचारू का?" ते म्हणाले. "दारानं अडवलं, कपाटानं अडवलं. गाडीचं काय?"

"गाडी एकदम ओके आहे," हे आतून म्हणाले, आणि उघडं दार ह्यांच्याच तोंडावर आपोआप लागलं.

"मग राहू दे," चौगुले म्हणाले. "माझ्या घरी आधीच सासूबाई आहेत. अजून एक संशयी माणूस परवडायचं नाही." त्यांनी मला पुन्हा नमस्कार केला आणि स्कूटर सुरू करून ते गेले.

मी दळण डिकीत ठेवलं. आतून हे म्हणाले, "जाताना दार उघडं ठेवून जा गं."

मी किल्लीनं दार पुन्हा उघडलं आणि विचारलं, "आता विकणार नाही ना?"

"नाही म्हटलं ना!"

दार हळूहळू मिटलं. लॅच बसल्याचा आवाज आला. मी थोडा वेळ थांबले, पण त्यात माझ्या हातात काही नव्हतं.

चढाला गाडी दुसऱ्यात एकदाही कुरकुरली नाही. आई ओट्यावर बसून वाट बघत होती.

"जावई आले नाहीत?"

"घरी आहेत."

"तू बाहेरून कुलूप घालून आलीस?"

"नाही गं. दार आपलं आपण लागलं."

आईनं दळणाची पिशवी उचलून बघितली, पीठ बारीक आहे का ते चिमटीत घेऊन पाहिलं.

"मग घाई नाही," ती म्हणाली. "आज राहूनच जा."