गोटीरामांच्या अंगणातले पतंग

"अळी हा शब्द तोंडातून काढायचा नाही," जीपमध्ये बसताना पुंजामामांनी वाल्मीकला बजावलं. "विचारलं तर सांगायचं, संशोधन केंद्रात नोकरी आहे. पुढं गप."

मामांचंही बरोबर होतं. त्यांचा हा भाचा कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर पीएचडी करत होता आणि कोणी विचारलं की सगळं सांगत होता. "मुलगा अळ्या पाळतो" म्हणून एका ठिकाणाहून नकार आला होता. दुसरीकडे तर त्याने अळी बोंडात कशी शिरते ते पोह्यातल्या शेंगदाण्यावर करून दाखवलं होतं. पण सातपूरला एका कारखान्यात मालाच्या तपासणीचं काम करणारी मनाली त्याला फोटोतच आवडली होती, आणि फोनवर बोलल्यावर तर फारच. काही झालं तरी हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

एवढं ठरवूनही पठ्ठ्याने सकाळी काय करावं? प्रयोगाच्या शेतात जाऊन कामगंध सापळ्यांतल्या गोळ्या बदलल्या. मादी पतंगाच्या वासाची ती रबराची बारकी गोळी. नर त्या वासाला भुलून सापळ्यात येतात. तिला हातमोजे घालूनच हात लावायचा असतो. हातमोजे संपले होते. दुपारी परस्पर मुलीकडे जायचं म्हणून नवा शर्ट अंगात होता, त्यालाच त्याने हात पुसले. माणसाच्या नाकाला तो वास येत नाही, त्यामुळे गडी तसाच सिन्नरकडे निघाला.

मनालीचे वडील गोटीराम यांचं घर वावरातच होतं. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. त्यांनी बोलायला सुरुवात केली ती नेमकी कपाशीवरूनच.

"आख्ख्या शिवारात बोंडअळी हाय, माझ्या वावरात एक नाय! फवारा टायमावर मारतो मी. शनिवारी तालुक्याला सत्कार हाय माझा."

"वा," वाल्मीक म्हणाला. मामांनी डोळे वटारले, म्हणून तो तेवढ्यावरच थांबला.

गप्पा लांबल्या, अंधार पडला, अंगणातला दिवा लागला. मनाली चहा घेऊन आली तेव्हा वाल्मीकच्या बाहीवर एक करडा पतंग बसला होता. त्याने तो गुपचूप उडवला. मग दोन आले. ते उडवेपर्यंत कॉलरवर आणखी येऊन बसले.

"दिव्याला येत्यात पाखरं," गोटीराम थोरल्या बहिणीला म्हणाले. "आक्का, बंद कर तो दिवा."

कुसाबाईंनी दिवा बंद केला. मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर पतंग आधीपेक्षा जास्त, आणि सगळे वाल्मीकवर. मामांच्या अंगावर एकसुद्धा नाही. वाल्मीकने खुर्ची बदलली, तर पतंगही त्याच्यामागे त्या खुर्चीकडे गेले.

"अत्तर लय गोड लावलंय का?" कुसाबाईंनी विचारलं.

वाल्मीकने एक पतंग चिमटीत धरून पाहिला आणि लगेच ओळखला. आता आली का पंचाईत! बोलावं तर स्थळ जाणार, गप्प बसावं तर या माणसाची कपाशी जाणार. मामा त्याच्या पायावर पाय दाबत होते.

"मामा, पाय काढा," तो म्हणाला. "काका, हे बोंडअळीचे नर आहेत. माझ्या शर्टाला त्यांच्या मादीचा वास लागलाय. इतके नर आले म्हणजे तुमच्या कपाशीत अळी आहे."

"मादीचा वास?" कुसाबाई ताडकन उठल्या. "पोरगी बघाया आले आन् अंगाला दुसरीचा वास?"

"आत्या, पतंगाच्या मादीचा गं!" मनालीला हसू आवरेना.

गोटीरामांना मात्र हसू आलं नाही. "माझ्या दारात बसून माझ्या कपाशीला नावं ठेवता? शेजारच्याच्या वावरातून आली असतील पाखरं!"

"असतीलही. बोंडं फोडून बघा ना."

मनाली बॅटरी घेऊन केव्हाच वावरात शिरली होती. तिने ओंजळभर हिरवी बोंडं आणली आणि चहाच्या ट्रेमध्येच फोडायला घेतली. पहिलं बोंड स्वच्छ निघालं. गोटीराम ताठ बसले. दुसऱ्यात गुलाबी अळी वळवळत होती. तिसऱ्यातही होती.

"बाहेरून डाग दिसत नाही, म्हणून कळत नाही," वाल्मीक हळूच म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं, गोटीरामांसाठी आणि स्वतःसाठीसुद्धा.

मामांनी टोपी डोक्यावर चढवली. "बरं, येतो आम्ही. घरी पोचेपर्यंत उशीर व्हायचा."

"बसा!" गोटीराम ओरडले. "निघाले कुठं? सत्कार गेला खड्ड्यात. आक्का, सैपाकाला लाग. आन् जेवण झालं की जावईबापूंना खालच्या तुकड्यात नेऊन उभं करा. तिकडं किती हाईत ते तरी कळू द्या."

जावईबापू हा शब्द सगळ्यांनी ऐकला. तो आपल्या तोंडून गेला हे गोटीरामांना सगळ्यांत शेवटी कळलं, पण त्यांनी तो परत घेतला नाही. मामांनी टोपी काढून पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

ट्रे उचलून आत जाता जाता मनाली वाल्मीकपाशी थांबली.

"शर्ट धुऊ नका," ती म्हणाली. "उद्या वरचा तुकडा बघायचाय."