तीन घोड्यांची पेटी

मोतीरामजींनी मला मोठेपणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओसरीवर पुस्तक वाचत बसले होते. ते फाटकातून आत आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्वयंपाकघरातल्या माझ्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वकिलीनबाई, तुमची पोरगी अर्ध्या घोड्याची हाय."

नागपूरला नन्सच्या शाळेत दहा वर्षं काढून मी नुकतीच अमरावतीला परतले होते. त्या शाळेत समोरच्याला शिंक आली तरी आम्ही नजर वळवत असू. मी पुस्तक मिटलं, आत गेले आणि दाराआड उभी राहिले. माझे कान गरम झाले होते. आई मात्र हसत होती.

"तुला वाईट नाही म्हणाले ते," ती म्हणाली. "ते सगळ्यांनाच घोड्यांत मोजतात."

आमच्या आवारामागे मोतीरामजींचा पानमळा होता. त्यांचं मूळ घर अंजनगाव सुर्जीचं, तिथूनच त्यांनी वेल आणले होते. काही वर्षांपूर्वी कापसाच्या जिनिंगसाठी विजेच्या तारा आमच्या रस्त्यानं गेल्या, तेव्हा मोतीरामजींनी विहिरीवरची मोट बंद केली, बैल विकले आणि मोटार बसवली. मोटार विकणाऱ्यानं त्यांना सांगितलं की हिच्यात तीन घोड्यांची ताकद आहे. ते वाक्य मोतीरामजींच्या डोक्यात शिरलं आणि पुन्हा बाहेर आलंच नाही. त्या दिवसापासून सगळं जग त्यांच्या लेखी घोड्यांवर चालू लागलं.

माझे वडील चार घोड्यांचे होते, "पन दोन घोडे पान खान्यातच जातात." माझी आई सात घोड्यांची, "लगाम सापडत नाही." घोड्यावरून फेरी मारणाऱ्या गोऱ्या डिप्टी कमिशनरबद्दल त्यांचं मत होतं की त्या जोडीतला खरा घोडा खालचा. नांदगाव खंडेश्वरहून दर दिवाळीला येऊन महिनाभर राहणाऱ्या आपल्या मेहुण्याला ते नुसतं "बंद मोटार" म्हणत, तेही त्याच्यासमोर. मेहुणा हसून आणखी एक पोळी घेई.

दुसरी गोष्ट म्हणजे ते अनवाणी असत. पानमळ्यात कुणीच वहाणा घालून जात नाही. वेलींना देवासारखं मानतात, मळ्याभोवतीच्या ताटीच्या दारापाशी पायातलं काढून ठेवतात. पण मोतीरामजींनी वहाण कायमचीच सोडली होती. कचेरीत, बाजारात, बडनेऱ्याच्या स्टेशनावर, सगळीकडे ते तसेच जात. वैशाखात पाय भाजत नाहीत का, असं वडिलांनी एकदा विचारलं.

"भाजतात ना," ते म्हणाले. "पन जमिनीले कयलं पाह्यजे, कोन आलं ते."

त्यांच्या बायकोला आम्ही गोदाकाकू म्हणत असू. तरुणपणी देवीच्या साथीत त्यांचे डोळे गेले होते. रोज सकाळी मोतीरामजी त्यांचा हात धरून त्यांना मळ्यात आणत आणि विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत गोणपाटावर बसवत. मोटार चालू करायचं आणि बंद करायचं काम काकूंचं होतं. भिंतीवर एक काळी लोखंडी पेटी होती. तिच्या कुशीला लाकडी मुठीचं हँडल होतं. काकू उठत, भिंतीला हात लावून तीन पावलं जात, मूठ धरत आणि एका झटक्यात वर नेत. खट् असा आवाज होई आणि पाणी येई. बंद करतानाही त्याच उठत. मोतीरामजी हँडलला कधी बोट लावत नसत.

मला ते बरं वाटत नसे. मला वाटे, हे विजेला घाबरतात आणि म्हणून आंधळ्या बायकोला पुढे करतात. पण असं काही मी कुणाला बोलून दाखवत नसे.

त्या वैशाखात मोटार जळाली. पानवेलीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. दोन दिवस चुकले की पानं मऊ पडतात, आठवडा चुकला तर मळाच जातो, आणि तो पुन्हा उभा करायला वर्षं लागतात. मोतीरामजी त्याच दिवशी अकोल्याला गेले. लढाईचे दिवस होते, दुकानात माल नव्हता. तीन घोड्यांची मोटार मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी ते पाच घोड्यांची घेऊन आले. तोवर आईनं, मी आणि काकूंनी घागरींनी जमेल तेवढ्या वेली ओल्या ठेवल्या होत्या.

मोटारीबरोबर एक इंग्रजी कागद आला होता. वडील कोर्टात होते, म्हणून तो माझ्यासमोर आला.

"वाचजो, इंग्रजीबाई," मोतीरामजी म्हणाले. "मोठ्यानं वाच. मले कयत नाही, पन ऐकाले बरं वाटते."

मी वाचलं. एका ओळीखाली ठळक रेघ होती. या मोटारीला याच ताकदीची पेटी जोडावी, कमी ताकदीची जुनी पेटी जोडू नये, धोका आहे. मी ते मराठीत सांगितलं.

"लिवनारानं माही पेटी पाह्यली काय?" मोतीरामजींनी विचारलं.

"नाही."

"मंग त्याले काय मालूम? सात उन्हाळे काढले तिनं. नव्या मोटारीले संसार शिकवन ते."

"पण ती तीन घोड्यांची आहे," मी म्हणाले. मी इतक्या हळू म्हणाले की मला स्वतःलाच अर्धं ऐकू आलं.

"तीन घोड्याचा लगाम पाच घोड्याले पुरते. हात पाह्यजे धराले."

दुकानात याच मोटारीच्या जोडीची नवी पेटी होती, हे मला नंतर समजलं. मोतीरामजींनी ती हातात घेऊन पाहिली होती आणि परत दिली होती. त्या वेळी मला एवढंच समजलं, की हा माणूस हट्टी आहे आणि माझं इंग्रजी त्याच्या काही उपयोगाचं नाही. मी कागदाची घडी करून परत दिली. आणखी एकदा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

जुन्या पेटीनं नवी मोटार ओळखली नाही. काकूंनी हँडल वर नेलं, पाणी धो धो आलं, आणि दोन मिनिटांत हँडल आपोआप खाली पडलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. मोटार जास्त वीज ओढू लागली की ती तोडायची, हे त्या पेटीचं कामच होतं आणि ती ते इमानानं करत होती. मोतीरामजींना तो आळस वाटला. वेली बांधायला लव्हाळा भिजवून ठेवलेला असतो. त्यातला एक घेऊन त्यांनी पेटीच्या वरच्या खिळ्याला फास केला. काकूंनी हँडल वर नेलं की मूठ त्या फासात अडकवायची. मग ते पडत नसे.

"आता कशी उभी हाय पाह्य," ते मला म्हणाले. "वाच तुहा कागद."

आठ दिवस पाणी आलं. मळा तरारला. मोतीरामजींनी आम्हाला पानांचा मोठा पुडा आणून दिला आणि माझ्याकडे मुद्दाम पाहिलंही नाही, हे मला लागलं.

नवव्या दिवशी आईकडे बायका येणार होत्या, म्हणून तिनं मला पानं आणायला मळ्यात पाठवलं. मी ताटीपाशी बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि अनवाणी आत गेले. वाफ्यांत पाणी फिरत होतं, जमीन गार होती. मोटारीच्या खोलीपाशी मला जळक्या रबराचा वास आला. मोतीरामजींनाही आला असावा. ते माझ्या आधी आत शिरले होते आणि पेटीसमोर उभे होते. काकू गोणपाटावर बसून सुपारी कातरत होत्या.

"काय वं, तापली काय?" मोतीरामजी पेटीला म्हणाले. जनावराच्या पाठीवर थाप मारावी तसा त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला.

ओरडणं नाही, काही नाही. माणूस उचलला गेला आणि दाराबाहेरच्या पाटात पाठीवर पडला. त्यांचं तोंड उघडझाप करत होतं, आवाज येत नव्हता. मी तिथल्या तिथे थिजले. माणूस असा फेकला जाऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"काय पडलं जी?" काकूंनी विचारलं.

काकूंचं कातरणं थांबलं.

"ऐकलं काय? काय पडलं?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि त्या उठल्या. काही बिघडलं की आधी मोटार बंद करायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी भिंतीला हात लावला. एक पाऊल. पाटातून मोतीरामजींनी हात वर केला, तो काकूंना दिसणार नव्हता. दुसरं पाऊल. मूठ लाकडी होती, पण तिच्याभोवती ओला लव्हाळा होता, पायाखाली चिखल होता, आणि पेटी कुठून धरली तर काय होतं ते मी आत्ताच पाहिलं होतं. मला मराठीचा एक शब्द सुचेना. आईची भाषा, घरची भाषा, सगळी गेली. तोंडातून जे निघालं ते शाळेतलं होतं.

"डोन्ट टच इट!"

एवढ्या मोठ्यानं मी जन्मात ओरडले नव्हते. काकूंचा हात पेटीपासून वीतभर अंतरावर होता. त्या दचकल्या. तो हात तिथून मागे आला, थेट डोक्याकडे गेला आणि त्यांनी पदर कपाळाखाली ओढला. तोंड भिंतीकडे करून त्या अंग चोरून उभ्या राहिल्या.

"कोन साहेब आले वं?" त्या कुजबुजल्या.

मी धावत जाऊन त्यांना कमरेला धरलं आणि ओढत बाहेर आणलं. बाहेरच्या खांबावर मुख्य बटण होतं. ते मी वाळक्या बांबूनं खाली पाडलं. मोटार थांबली. मळ्यात एकदम इतकं शांत झालं की पाटातलं पाणी ऐकू येऊ लागलं.

मोतीरामजींना हळूहळू आवाज फुटला. "तिनं हात लावला काय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारताना ते रडत होते.

"साहेब गेले काय?" काकूंनी पदराआडून विचारलं.

"साहेब नव्हते, काकू. मी होते."

"मंग तू काहून साहेबावानी बोंबलली?"

मी चिखलातच बसले.

संध्याकाळी मोतीरामजी आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसले. तळहाताला आईनं तूप लावून चिंधी बांधली होती. वडील संतापले होते.

"मुलीनं वाचून दाखवलं होतं की नाही?"

"दाखोलं होतं."

"दुकानात जोडीची पेटी होती की नाही?"

"होती."

"मग का नाही आणली?"

मोतीरामजींनी चिंधीची गाठ चाचपली. "त्या पेटीले हँडल नाही, वकीलसाहेब," ते म्हणाले. "दोन बटनं हायेत. सारखेच, गुळगुळीत. एक हिरवं, एक लाल. दुकानदार मले म्हने, रंग पाहून कोनीबी चालवन."

"कोनीबी," मोतीरामजी पुन्हा म्हणाले. "मळ्यात सारेच कामं डोळ्याचे हायेत. पान खुडा, येल बांधा. तिचं येवढं एकच होतं."

मी आत गेले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर आले नाही. इतके महिने मी त्यांच्याबद्दल काय काय समजत आले होते, ते मलाच सोसवेना.

दुसऱ्या दिवशी वडील स्वतः त्यांच्याबरोबर अकोल्याला गेले. नवी पेटी आली, मिस्त्रीनं ती बसवली आणि जुनी खाली उतरवली. मोतीरामजींनी अर्धी सुपारी घासून घासून सपाट केली आणि लाख तापवून हिरव्या बटणावर चिकटवली. त्या अर्ध्या सुपारीवर ते सगळी दुपार खपले. मग काकूंचं बोट धरून तिच्यावरून फिरवलं.

"हे चालू. बिनसुपारीचं बंद."

"कयलं," काकू म्हणाल्या. "मी काय लहान पोर हाय?"

मोतीरामजी फावडं घेऊन वाफ्यांकडे गेले. मी काकूंजवळ थांबले होते. त्यांनी बटण दाबलं नाही. त्यांनी आधी माझा हात शोधला.

"त्यायले सांगू नको," त्या हळूच म्हणाल्या. "ते आठ दिवस हँडलले हात लावला का मले मुंग्या येत. कोपरापोतर. कधी कधी तर दातापोतर."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तर पेटी काढली असती त्यायनं," काकू म्हणाल्या. "मंग मले घरीच बसोलं असतं ना, बेटा."

त्यांनी माझा हात सोडला, सुपारी चाचपली आणि दाबली. मोटार एका दमात सुरू झाली. पाणी पाटात पडलं आणि वेलींकडे निघालं. मोतीरामजी पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी अनवाणी उभे होते. पाणी त्यांच्या घोट्यांपर्यंत आलं, मग वरही चढलं. ते वाकून त्याच्याकडे पाहत होते. पाहता पाहताच त्यांनी खोलीच्या दिशेनं हाक मारली.

"पानी सोडलं काय वं?"

"सोडलं," काकू म्हणाल्या.