एका क्रियापदाचा पाहुणचार

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली तेव्हा तिच्यात मुलगा होता, सून होती आणि पाहुण्यांच्या बॅगा होत्या. पाहुणे म्हणजे सुनेचे आईवडील. ते आधीच्या खेपेत वर येऊन दिवाणखान्यात बसलेही होते. त्यांना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि या घरातली स्पॅनिश येणारी दोन्ही माणसं लिफ्टमध्ये होती.

"दोन कसली? तीन!" मुलाच्या आईला, म्हणजे बाईंना, त्यांचे यजमान म्हणाले. "स्पॅनिश शिकले म्हणून सगळीकडे सांगत फिरत होतीस ना? बोल आता. मी कॉफी बघतो." आणि ते स्वयंपाकघरात पसार झाले.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेत काय नि घरात काय, एक धडा पक्का झाल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, हा त्यांचा खाक्या. मोबाईलवरच्या शिकवणीत सुरुवातीलाच त्यांना 'पेन्सार' हे क्रियापद भेटलं. पेन्सार म्हणजे वाटणे, विचार करणे. बाईंनी ते मी, तू, आम्ही, तुम्ही, काल, आज, उद्या असं सगळीकडून घोटलं, तरी समाधान होईना, म्हणून तिथेच मुक्काम ठोकला. 'बसा' कसं म्हणायचं, पाणी कसं विचारायचं, हे धडे पुढे राहिले ते राहिलेच.

तेवढ्यात लिफ्टमधून मुलाचा फोन आला. "आई, मेकॅनिक निघालाय. तोवर त्यांना सांभाळ. आणि हिचे पप्पा एक नकाशा दाखवतील. आम्ही येईपर्यंत कशालाही हो म्हणू नकोस!"

"कसला नकाशा?" बाईंनी विचारलं, पण लिफ्टमध्ये रेंज गेली होती.

व्याही चांगले ऐसपैस गृहस्थ होते. त्यांचा फरशांचा कारखाना होता आणि फरशी बसवावी तशी ते आपली मतं ठोकून बसवत. त्यांनी टीपॉयवर एका घराचा नकाशा पसरला, भिंतीवरच्या मुलाच्या फोटोकडे बोट दाखवलं, हाताचं विमान केलं आणि ते थेट नकाशातल्या घरावर उतरवलं. बाईंना शब्दकोश लागला नाही. एकुलता एक मुलगा विमानात बसून चालला होता. 

बाईंनी चष्मा सरळ केला. "लो वोय आ पेन्सार." म्हणजे, मी विचार करून सांगते.

व्याही चमकले. त्यांनी पेन काढून घरापुढे एक बाग काढली.

"लो वोय आ पेन्सार."

व्याह्यांनी बागेशेजारी एक खोली काढली आणि खोलीत चष्मा लावलेली एक बाई काढली.

यजमानांनी पाहुण्यांपुढे कॉफीचे कप ठेवले आणि परत जाताना दारातून वळून पाहिलं. "अगं, काय चाललंय?"

"वाटाघाटी."

"जमतंय?"

"आत्ताच मला एक खोली मिळाली."

पण व्याह्यांचा चेहरा आता लाल होऊ लागला होता. ते टीपॉयवर बोट आपटत तावातावाने बोलू लागले. बाईंच्या भात्यात तर दुसरा बाणच नव्हता. मात्र एकच मुलगा सारखी उत्तरं द्यायला लागला, की मागच्या बाकावरच्या गप्प मुलीला उभं करायचं, ही त्यांची जुनी सवय. विहीणबाई मघापासून कोपऱ्यात कॉफी ढवळत होत्या. बाई त्यांच्याकडे वळल्या.

"इ उस्तेद के पिएन्सा?" आणि तुम्हाला काय वाटतं?

विहीणबाईंचा चमचा थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि जे बोलायला सुरुवात केली ते काही थांबेना. बाई मान डोलवत राहिल्या. व्याही मध्ये काही बोलू गेले, तर विहीणबाईंनी त्यांना नुसत्या हाताने बसवलं.

अखेर लिफ्ट सुटली आणि मुलगा-सून धापा टाकत आत आले. सून दारातच थबकली.

"तुझी मम्मी काय म्हणतेय?" बाईंनी तिला हळूच विचारलं.

"पण आई, तुम्ही तर मान डोलवत होता!"

"वर्गात डोलवावी लागते. सांग लवकर."

"मम्मी म्हणतेय, आजवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. हे नवं घरही कारखान्याशेजारीच, तिथे राहून माझा जन्म धुळीत गेला, लेकीचा जाऊ द्यायचा नाही. पोरांना हवं तिथे राहू दे."

व्याह्यांनी नकाशाची घडी घातली. मग जावयाला विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

"आम्हाला इथेच राहायचंय," मुलगा आधी स्पॅनिशमध्ये आणि मग मराठीत म्हणाला. "पप्पांना सांगायचं धाडस होत नव्हतं."

बाईंना आनंदाने नाचावंसं वाटलं. मुख्याध्यापिका असल्यामुळे त्यांनी फक्त मान ताठ केली.

"फक्त..." मुलगा म्हणाला.

"फक्त काय?"

"या घरात नाही. दोन गल्ल्या पलीकडे फ्लॅट बघितलाय. तुला सांगायचंही धाडस होत नव्हतं."

सुनेने खालच्या आवाजात भाषांतर केलं. व्याही पहिल्यांदाच बाईंकडे मायेने बघू लागले. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते आणि बाईंच्या तोंडात आपसूक आलं, "लो वोय आ..."

"मला वाटतं," यजमान म्हणाले.

सगळे वळले. ते कॉफीचा दुसरा ट्रे घेऊन दारात उभे होते. या घरात त्यांच्या तोंडून हे दोन शब्द कुणी ऐकल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

"मला वाटतं, संध्याकाळी फिरायला दोन गल्ल्या अगदी बेताच्या आहेत. जाऊन येऊ रोज."

विहीणबाईंना भाषांतर पोचलं आणि त्यांनी टाळ्याच वाजवल्या. बाईंनी यजमानांकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. विमान रद्द झालं होतं. मुलगा चालत जाण्याच्या अंतरावर राहणार होता. एवढ्या विजयानंतर आणखी विचार कशाला करायचा?

"चालेल," बाई म्हणाल्या.

याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं. पण व्याही उठून उभे राहिले, आणि भाषांतराची वाट न बघता त्यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला.